आबांची उशी

माझ्या डाव्या मनगटावर दातांची एक खूण आहे. वरचे चार दात, खालचे तीन, अर्धगोल. बांगड्या मागे सरकवल्या की दिसते. बाजारात कुणी विचारलंच तर मी सांगते, नोकरीची आहे. लोकांना वाटतं कुत्रं चावलं असेल. मी तसं वाटू देते, कारण खरं सांगायला उभी राहिले तर भाजी घ्यायची राहून जाते.

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा संपादकांच्या मनात कुपोषण, लसीकरण, पोलिओचे डोस असं काहीतरी असणार. जन्मभर अंगणवाडी सेविका होते म्हटल्यावर त्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. पण ते सगळं रजिस्टरात लिहून झालंय, तिथे जाऊन वाचावं. जिच्यासाठी कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता ती एक उशी होती. मी तिच्याबद्दल लिहिणार आहे.

शहरातल्या वाचकाला अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटतात ती जागा, एवढंच ठाऊक असतं. खिचडी खरी आहे. वजनकाटा खरा आहे, गरोदर बायांची यादी खरी आहे, आणि शेवटची काही वर्षं हातात दिलेला मोबाइलही खरा, ज्यात रोज लेकरांचे फोटो चढवायचे आणि रेंज मिळावी म्हणून आपण पाण्याच्या टाकीवर चढायचं. पण या सगळ्याच्या मधे रोजचे काही तास असे असतात की एक खोली, तीन ते सहा वर्षांची अठ्ठावीस लेकरं, एक मदतनीस आणि आपण. या वयाच्या लेकराला बोलता येतं, पण काय होतंय ते सांगता येत नाही. पोट दुखतंय, झोप आलीय, बाप पिऊन आला होता, आई दिसत नाही, या सगळ्यावर त्याच्याकडे एकच उपाय असतो, तो म्हणजे शेजारच्याला ढकलून देणे. ढकलण्याच्या आधी तिथे पोचणं हे सेविकेचं खरं काम. मी बहुतेक वेळा नंतर पोचायची.

आमची वाडी धारूरच्या डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की अर्धी वाडी ऊस तोडायला निघते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. म्हातारी माणसं आणि लेकरं घरी राहतात. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहतात आणि परत येतात तेव्हा अंगणवाडीत शिकलेलं सगळं विसरून येतात. जाणाऱ्यांची एक पद्धत होती. टोळी गोळा करून नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक पहाटे यायचा, आणि लेकरू रडेल म्हणून त्याला झोपेत ठेवूनच आईबाप निघायचे. लेकरू उठायचं तेव्हा अंथरुणात आजी असायची. सगळ्यांनी असंच केलं होतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

कार्तिकी साडेचार वर्षांची होती. आदल्या हंगामात ती आईबापाबरोबर फडावर गेली होती आणि मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचली होती. म्हणून त्या वर्षी तिला आजीपाशी, गयाबाईपाशी, ठेवलं. मंगळवारी पहाटे ट्रक गेला. बुधवारी गयाबाईने तिला अंगणवाडीत आणून सोडलं आणि ती जायला वळली, तशी कार्तिकी तिच्या पोटरीला चावली.

तिथून सुरुवात झाली. आमची मदतनीस चंद्रकला पाण्याची कळशी घेऊन निघाली, तिच्या दंडाला चावली. लस द्यायला नर्सबाई आल्या, काम आटोपून पिशवी उचलली आणि त्यांच्या हाताला चावा बसला. नर्सबाईंनी पुन्हा पिशवी उघडून स्वतःलाच धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून घेतलं. सुपरवायझर मॅडम निघाल्या तेव्हा हातात पर्स होती म्हणून पर्सवर निभावलं. मी फोटो चढवायला टाकीकडे निघाले होते, माझं मनगट. गयाबाईने तिला नारायणगडाला नेऊन आणलं, नारळ कबूल केला. येताना जीपवाला चहाला उतरला आणि ती त्याला चावली. आणि मग आबांचा नातू शंभू. त्याला घरून लवकर बोलावणं आलं, तो दप्तर घेऊन उठला, तर त्याचा कान.

आबा म्हणजे आमचे माजी सरपंच. आजी सरपंच तात्या. या दोघांत वाडी उभी चिरलेली आहे, हे सांगितलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

शंभूचा कान बघायला दहा-बारा आया माझ्या दारात आल्या. ही पोरगी आठ दिवसांत सुधारली नाही तर आम्ही आमची लेकरं पाठवणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गयाबाई त्यांच्या मागे उभी होती. सगळ्या गेल्यावर ती जवळ आली.

"बाई, तुमी हिला काढलं तर मला हिला मुकादमाच्या जीपीत बसवून फडावर धाडावं लागंल," ती म्हणाली. "दिसभर मी रानात, हिला राखणार कोण? अन् तिथं काय हाय ते तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. ट्रॅक्टरचं चाक माझ्याही डोळ्यांपुढे होतं. मी म्हणाले, काढत नाही. हे मी कशाच्या जोरावर म्हणाले ते मला आजही ठाऊक नाही.

नेमकं त्याच आठवड्यात तालुक्याला आमचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. लेकराला राग आला तर त्याला दटावून गप्प बसवू नका, खेळातून बाहेर येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोन खेळ दिले. एक, समोर मेणबत्ती आहे असं समजून ती लांब श्वासाने फुंकून विझवायची. दोन, रागाची उशी. राग आला की माणसाला मारायचं नाही, उशीला मारायचं. आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं आणि जेवायला गेलो.

मेणबत्ती मी परस्पर बदलली. दिवा फुंकून विझवायला लेकरांना शिकवलं असतं तर वाडीतल्या सगळ्या आज्या माझ्यावर चालून आल्या असत्या. मी सांगितलं, तव्यावरची भाकर हातावर आलीय, चटका बसायलाय, फुंका. सगळ्या लेकरांनी ओंजळी पुढे करून फू फू केलं. कार्तिकीने फुंकलं नाही. तिने भाकर खाऊन टाकली आणि शेजारच्याचीही मागितली.

राहिली उशी. आत भरायला विकायला न गेलेला पिवळा कापूस कुणीही देतं. अभ्र्याला मात्र कापड चालणार नव्हतं. अंगणवाडीतली उशी म्हणजे ती ओली होणार, रोज पुसावी लागणार. आमच्याकडे अशा कामाला फ्लेक्स वापरतात. फाट्यावर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस कायम लागलेला असतो. वाढदिवस उलटला की रात्रीत फ्लेक्स उतरतो आणि कुणाच्या कडब्यावर, कुणाच्या गोठ्यावर जातो. आमच्या अंगणवाडीत लेकरांना बसायला टाकलेली पट्टीही फ्लेक्सचीच, पांढरी बाजू वर करून. मी चंद्रकलेच्या गोठ्यावरचा एक तुकडा धुऊन घेतला आणि मशीनवर उशी शिवली. चित्राची बाजू आत, पांढरी बाजू बाहेर. मी इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई आहे, एवढी अक्कल मला होती.

दुसऱ्या दिवशी चंद्रकलेने उशी धुतली. चित्राची बाजू गुळगुळीत, तिच्यावर डाग राहत नाही, म्हणून तिने अभ्रा उलटा करून भरला आणि टाके घातले. मी खोलीत आले तेव्हा उशी भिंतीला टेकून बसली होती आणि उशीवर आबा होते. सोनेरी गॉगल, झुपकेदार मिशा, गळ्यात हार, कपाळाच्या वर 'हार्दिक शुभे' एवढी अक्षरं. खालच्या कडेला शुभेच्छुकांची बारकी तोंडं ओळीने.

मी उशी उचलायला वाकले, तेवढ्यात एक लेकरू म्हणालं, "बाई, ह्यो तर आबा हाय." दुसऱ्याने येऊन आबांना एक लाथ घातली. तिसरं म्हणालं, मला पन राग आलाय. पाच मिनिटांत रांग लागली. कार्तिकी रांगेत तीनदा उभी राहिली. त्या दिवशी ती कुणालाही चावली नाही.

मी उशी उलटी करायला हवी होती. केली नाही. चाव्याच्या भीतीने काढून ठेवलेल्या बांगड्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट घालून मी घरी गेले होते, ते मला मोडवेना. चूक माझी आहे आणि मी ती कबूल करते.

मग रोजच झालं. "बाई, मला राग आलाय, आबा द्या." चंद्रकला दारात उभी राहून व्यवस्था बघायची. "एका येळंला एकच जण. ज्याला खरा राग आलाय त्यानंच घ्या. तू न्हाई, तू सकाळी घेतलावतास."

आठवडाभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उशी बडवून राग जात नाही. उलट हात तापतो. आबांना हाणून झालेलं लेकरू त्याच झोकात वळायचं आणि शेजारच्याला ठेवून द्यायचं. पुण्याच्या मॅडमना हे कळवायचं राहूनच गेलं. त्याच दिवसांत दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती इतक्या उशिरा लक्षात आली याची मला लाज वाटते. कार्तिकी कुणाला चावली होती ते मी मनात एकेक आठवून पाहिलं. गयाबाई, चंद्रकला, नर्सबाई, सुपरवायझर मॅडम, मी, जीपवाला, शंभू. सगळेच्या सगळे त्या वेळी उठून निघालेले होते. बसलेल्या माणसाला ती कधीच चावली नव्हती.

एका सकाळी ती आबांना बडवत होती आणि मधेच थांबली. उशीजवळ तोंड नेऊन तिने बघितलं. "ह्याला लागलं," ती म्हणाली. मग आबांना झोपवलं. चिंधी ओली करून कपाळावर ठेवली. दोघी-तिघी नर्सबाई झाल्या आणि आबांना खराट्याच्या काडीची सुई टोचली. कुणीतरी त्यांच्या गालावर फुंकर घातली, भाकरीवर घालायची तशीच, आणि कार्तिकीने बघून बघून आपणही घातली. मी कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. अशा वेळी मोठ्या माणसाने मधे बोलू नये, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं, ते मी चुका करून शिकले होते.

आबा बरे झाले. मग कार्तिकी म्हणाली, "आता आबा ऊस तोडायला चाललेत."

लेकरांनी चार पाट ओळीने मांडून ट्रक केला. बोचकं बांधलं, कळशी घेतली, आबांना वर चढवलं. यातलं काही त्यांना सांगावं लागलं नाही. दोघांनी आबांना उचलून दाराबाहेर नेलं आणि हापशामागे ठेवलं. कार्तिकी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने ती ओरडली, "आला." पोरांनी आबांना परत आणलं. "परत," ती म्हणाली. असं त्या दिवशी अकरा वेळा झालं. दर वेळी निघताना ती उशीच्या कानाशी जाऊन सांगायची, "झोपंत न्हाई जायचं. सांगून जायचं."

ते ऐकल्यावर मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला आणि डाळीचे डबे मोजत असल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसले.

इकडे शंभूने घरी जेवताना आजोबांना सांगितलं, "आबा, आज मी तुमाला लई हाणलं. मंग तुमाला सुई दिली. मंग तुमी ऊस तोडायला गेलतात."

पहिली दोन वाक्यं आबांनी कदाचित पचवली असती. पण त्यांच्या घराण्यात कुणी कधी कोयता हातात धरला नव्हता. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की अंगणवाडीत सरकारी खर्चाने आबांना तुडवतात आणि वर टोळीवर पाठवतात.

सकाळी आबांची माणसं आली. किशोर नावाचा त्यांचा एक कार्यकर्ता पुढे होता. शुभेच्छुकांच्या ओळीत त्याचाही फोटो होता. त्याने उशी हातात घेऊन सगळीकडून तपासली आणि त्याचा आवाज चढला.

"बाई, माझं तोंड शिवणीत कावून घेतलं?"

"मुद्दाम नाही घेतलं, किशोर."

"बाकी समद्यांची दिसायलीत. माझं अर्धच हाय. लेकरांनी मला वळखायचं कसं?"

दुपारी तात्यांचा फोन आला. ते सरपंच झाल्यापासून पहिल्यांदाच मला स्वतःहून फोन करत होते. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि अशा अजून दहा उशा शिवायला लागणारा कापूस आपल्या घरून न्यायला सांगितलं. त्यांच्यामागोमाग सुपरवायझर मॅडमचा.

"ताई, ही उशी शासनाच्या कुठल्या योजनेतून आली?"

"फाट्यावरून," मी म्हणाले.

शेवटी ग्रामपंचायतीत बैठक बसली. दोन तास दोन्ही बाजूंनी ओरडून घेतलं आणि ठरलं ते असं. शनिवारी अकरा वाजता आबा स्वतः अंगणवाडीत येऊन बघतील. मग उशीचं काय, माझं काय, ते सांगतील. आणि त्याच दिवशी त्या चावऱ्या पोरीचा निकाल लागेल, कारण कान आबांच्या नातवाचा होता. गयाबाई दाराशी उकिडवी बसून ऐकत होती. उठताना ती मला एवढंच म्हणाली की मुकादमाची जीप रविवारी येणार आहे.

उशी लपवायचा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण उशी लपवली असती तरी अठ्ठावीस साक्षीदार कुठे लपवणार होते?

शनिवारी आबा आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं, मागे दहा-बारा जण. लेकरांनी उभं राहून नमस्ते म्हटलं. मग त्यांनी उशीकडे पाहिलं, मग आबांकडे, मग पुन्हा उशीकडे. एक तीन वर्षांचं बारकं लेकरू म्हणालं, "मोटा आबा आला."

कार्तिकी सरळ चालत त्यांच्यापुढे गेली आणि तिने त्यांचं बोट धरलं.

"कवा आलात?"

"हे काय, आत्ताच," आबा म्हणाले.

"ऊस सरला का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "लेकरू विचारतंय, आबा. उत्तर द्या." असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. पण आबा हाडाचे पुढारी. समोरच्याने काम विचारलं की झालं म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच आहे.

"व्हय, सरला," ते म्हणाले.

"मंग असं न्हाई यायचं. बाहीर जा. जाऊन या."

कार्यकर्ते हसले, आबाही हसले आणि हसत हसत दाराकडे वळले. त्यांची पाठ दिसली आणि कार्तिकीचा जबडा मला हलताना दिसला. "आबा, सांगून जा," मी एकदम ओरडले. ते दचकून थांबले. माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते मागे फिरले, तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, मी जाऊन येतो," आणि गेले. आणि आले.

"परत," कार्तिकी म्हणाली.

दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा ते आत येताना किशोरच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आबासाहेबांचा विजय असो." लेकरांना ते भारी आवडलं. तिथून पुढे आबा आत आले की अठ्ठावीस लेकरं विजय असो म्हणायची आणि बाहेर गेले की जाऊन या म्हणायची. पाचव्या खेपेला आबांनी उपरणं काढून खुंटीला अडकवलं. सहाव्या खेपेला ते आपल्या मनाने म्हणाले, "उशीर झाला, गाडी पंक्चर झालती." कार्तिकीने मान हलवली, तिला ते पटलं. सातव्या खेपेला त्यांनी बाहेरून वाळकं पान आणून तिच्या हातात ठेवलं आणि खाऊ आणलाय म्हणाले. निकाल द्यायला आलेला माणूस घामाघूम झाला होता आणि निकालाचं नावही काढत नव्हता. कार्यकर्ते घड्याळं बघायला लागले.

आठव्या खेपेला आबा बाहेर गेले आणि त्यांचा फोन वाजला.

ते आमच्याकडे पाठ करून मोटरसायकलीपाशी बोलत उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. कार्तिकी उंबऱ्यात होती. तिच्या हातातलं पान खाली पडलं आणि ती धावली. मीही धावले, पण मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. आबांचा मोकळा हात खाली लोंबत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तोंडापाशी नेला आणि तोंड उघडलं. किशोरने डोळे मिटून घेतले. मला रविवारची जीप दिसली.

तिने डोळे घट्ट मिटले आणि फुंकर घातली. मग दुसरी. मग पुन्हा, गाल फुगवून, लांब. ती आबांच्या हातावर फुंकत राहिली.

आबांनी खाली पाहिलं. "काय झालं गं?"

"भाकर लई गरम हाय," ती म्हणाली. "तुमी यायनात."

आबांनी तो हात तिच्याकडेच राहू दिला. मग फोनमध्ये म्हणाले, "नंतर कर रे. मी सध्या ऊसतोडीवर हाय." फोन खिशात टाकून ते तिच्याबरोबर आत आले. या वेळी कुणी विजय असो म्हटलं नाही.

ते लेकरांच्या पट्टीवर बसायला वाकले, तेव्हा त्यांना पट्टीचा कोपरा दुमडलेला दिसला. त्यांनी तो उचलून पाहिला. खालच्या बाजूला तात्या होते, मागच्या वाढदिवसाचे. आबांनी कोपरा पुन्हा नीट पसरला, हाताने गुळगुळीत केला आणि मांडी घालून ऐसपैस बसले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी निवडणुकीतही पाहिला नव्हता.

"पोरगी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उशीबी ऱ्हाऊ द्या. फकस्त माझ्या हाती कोयता देऊ नका, बाई. मला मुकादम करा."

"मुकादम न्हाई," कार्तिकी म्हणाली. "मुकादमच नेतो माझ्या मायला."

आबांनी ते पद तिथल्या तिथे सोडून दिलं.

कार्तिकी राहिली. रविवारी जीप आली आणि रिकामी गेली. चावणं एकदम थांबलं असं मी म्हणणार नाही, सुपरवायझर मॅडमना एक दिवस चावा बसणारच होता, तो बसला. पण हंगाम सरेपर्यंत ती बहुतेकांचं फुंकरीवर भागवायची. तात्यांच्या माणसांनी उशीच्या मागच्या बाजूला तात्यांनाही घ्यायला लावलं. लेकरांनी कारण विचारलं नाही. ते दोघे एकमेकांचं तोंड बघत न्हाईत मनून पाठीला पाठ लावून झोपलेत, असं शंभूने सगळ्यांना समजावून सांगितलं.

कारखाने बंद झाले, टोळ्या परतल्या. कार्तिकीची आई ट्रकमधून उतरून घरी न जाता थेट अंगणवाडीच्या दारात आली. कार्तिकी जागेवरून उठली नाही. "बाहीर जा. जाऊन ये," ती म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, जा माय, जाऊन ये. ती माउली पाच महिन्यांनी लेकीला भेटायला आलेली, पाच वेळा बाहेर जाऊन आत आली. मग लेकीने तिचा हात धरला. कोयत्याने सोललेल्या, चिरा पडलेल्या त्या तळव्यावर फुंकर घातली आणि मग तिच्या मांडीत जाऊन बसली. आईला काही कळत नव्हतं. ती नुसती रडत होती.

अंकात शोभेल असा शेवट मला इथे करता आला असता. पण घरी जाताना मला स्वतःचा राग आला होता. मी त्या लेकराला काय शिकवलं? आई जाते ते सोसायला. आईने जाऊच नये, यासाठी माझ्या खोलीत ना उशी होती ना खेळ. ही बोच आजही आहे, आणि ती फुंकून गार होत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रक नेहमीसारखा पहाटे आला. सात वाजून गेले तरी तो सुटेना, म्हणून मी बघायला गेले. कार्तिकीच्या आईने निघताना तिला उठवलं होतं. ती रडली, तिच्या रडण्याने शेजारची दोन लेकरं उठली, आणि मग एकेक करत सगळ्याच आयांनी आपापली लेकरं उठवून सांगितलं, जाऊन येतो. सगळी वाडी रडत होती. मुकादम कपाळाला हात लावून उभा होता. मला बघून तो म्हणाला, "बाई, ह्ये तुमचं काम हाय. इतकी वर्सं टोळ्या न्यायलो, असा तमाशा कवा झाल्ता न्हाई."

"हो, माझंच," मी म्हणाले.

ट्रक सुरू झाला तशी कार्तिकी पुढे जाऊन चाकासमोर उभी राहिली. कुणी हात धरला की तोंड उघडायची. एवढ्यात आबा आले. शंभूला घेऊन ते निरोप द्यायला आले होते, असं ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले.

"फाट्यापतूर जा बे," ते म्हणाले, "अन् वळून परत ये."

"कावून, आबा?"

"लेकरांना दिसू दे परत येतंय मनून. जा."

कार्तिकी बाजूला झाली. भरलेला ट्रक, बोचकी, कळशा, कोंबड्या आणि अर्धी वाडी, सगळं घेऊन फाट्यापर्यंत गेला. आबांच्या नव्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली वळला आणि धुरळा उडवत परत आला. वरून बाया हात हलवत होत्या, जणू आजच हंगाम संपवून आल्या. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम मला शिव्या देत होता आणि डोळे पुसत होता.

मग ट्रक खरोखर गेला. कार्तिकी रस्त्याच्या कडेला दोन्ही हात पुढे धरून फुंकत उभी होती. तिच्या शेजारी शंभू, शंभूशेजारी आबा, आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळेच फुंकत होतो.